पिवळ्या कडेची दुपटी

सासूचा उजवा अंगठा सुजला, म्हणून सुनेच्या हातात क्रोशाची सुई आली. नाहीतर त्या घरातली कामाची वाटणी पक्की होती. सुनेनं शेतावर जाऊन वाकायचं, आणि सासूनं दाराशी बसून लेस विणायची. पण त्या वर्षी कालव्याला पाणी सुटलंच नाही. शेतात निंदायला काही उगवलंच नव्हतं, तर सून वाकणार कुठं? नवरा पाण्याच्या टँकरवर लागला होता. आठ-दहा दिवसांनी यायचा, अंघोळीपुरतं पाणी शोधायचा, मिळालं नाही की तसाच आडवा व्हायचा. घर चालत होतं ते लेसवर.

लेसचं काम आणायच्या त्या गाठोडेवाल्या बाई. शहरातल्या प्रसूतिगृहाला लागणारी दुपटी त्या पुरवायच्या. मऊ पांढरं कापड, चारी बाजूंनी कड दुमडून शिवलेली. त्या कडेला घराघरांतल्या बायकांनी लेस विणायची. प्रत्येक घराला दर खेपेला एकाच रंगाचा दोरा मिळायचा, म्हणजे कुणाचं काम कसं आहे ते बाईंना लगेच कळायचं. बाईंचा नियम एकच होता. त्यांनी पास केलेल्या हातानंच काम करायचं. शिकाऊ हाताचा एक टाका जरी दिसला तरी त्या घराचं काम बंद. मागं एका घराचं त्यांनी असंच बंद केलं होतं, आणि त्या घरातली बाई अजून बाईंच्या गाडीकडे पाठ करून उभी राहते.

सासूचा हात पास झालेला होता. सुनेनं तोवर सुई फक्त झाडताना उचललेली.

"अशी नाही धरायची," सासू म्हणाली. "सुई आहे ती, चोर नाही. पळून जाणार नाही. सैल धर."

"सैल धरली की दोरा निसटतो."

"निसटू दे. घट्ट विणलंस की कड आखडते, आणि कड आखडली की दुपटं चुण्या पडून बसतं. मग बाई विचारतील, म्हातारे, तुझ्या हाताला काय झालं."

त्या सुईचं तोंड इतकं बारीक होतं की ती कापडातून आरपार जायची. पुढं आकडा आणि मागं साधी दांडी, तीही तुटून आखूड झालेली. चांगली सुई सासूनं स्वतःसाठी ठेवली होती, अंगठा बरा होईल या आशेवर. पहिली ओळ मुक्या खांबांची. कडेत सुई घालायची, दोरा ओढून आणायचा, दोन्ही फाशांतून तो एकदम काढायचा. दुसरी ओळ साखळ्यांची, थोडं अंतर सोडून टेकवायची, म्हणजे कमानी होतात. त्या कमानीत मग कंगोरे भरायचे. शिकणाऱ्याला एवढं पुरे होतं. कोपऱ्यावर मात्र एकाच भोकात तीन खांब घालायचे. दोनच घातले तर दुपट्याचे कोपरे आत वळतात.

सुनेनं पहिल्या दुपट्याला सगळीकडे दोन घातले. सासूनं ते उचललं, कोपऱ्याला धरून हलवलं आणि म्हणाली, "यात बाळ ठेवायचंय की तांदूळ?" आणि एका झटक्यात सगळं उसवलं. दिवसभराची मेहनत दोऱ्याचा पुंजका होऊन मांडीवर पडली. सुनेनं तो पुंजका गुंडाळायला घेतला. तिचे डोळे भरून आले होते, पण शेतावर ऊन लागलं तरी डोळे भरतात, अशी ती स्वतःची समजूत घालायची.

दारात कुणी आलं की दोघींची तारांबळ उडायची. सून सुई सासूच्या हातात कोंबायची आणि स्वतः लसूण सोलायला घ्यायची. सासू सुजलेला अंगठा दोऱ्याखाली लपवून विणल्यासारखं करायची. शेजारची टोपल्या विणणारी बाई एकदा तासभर बसली, आणि तासभर सासूनं एकही टाका न घालता हात हलवले. ती गेल्यावर सासूनं सुई टाकली आणि अंगठा तोंडात धरून बसली. "एवढं नाटक मी लग्नातही केलं नव्हतं," ती म्हणाली. दोघी हसल्या. हसणं संपलं की भीती पुन्हा जागेवर यायची. बाईंना कळलं तर काय?

हळूहळू सुनेचा हात बसला. त्या खेपेला पिवळा दोरा आला होता. शेवटचं दुपटं तिनं सकाळी पुरं करायला घेतलं. सगळी लेस झाली होती, फक्त शेवटचं दोऱ्याचं टोक लपवायचं राहिलं होतं. ते काम असं: कडेच्या दुमडीत, आतल्या पोकळीतून सुई लांब घालायची, पलीकडून टोक आकड्यात पकडायचं आणि आत ओढून घ्यायचं. तिनं सुई दुमडीत घातली, आणि तेवढ्यात बाईंच्या गाडीचा हॉर्न वाजला. त्याच वेळी तिची रांगती मुलगी उंबऱ्यावरून पुढं कलंडली आणि रडायला लागली.

"झालं का?" सासूनं आतून विचारलं. बाई गल्लीत शिरल्या होत्या. शेवटचं दुपटं सुनेच्या हातात दिसलं असतं तर संपलं होतं.

"झालं," सून म्हणाली. तिनं दुपटं घडी करून गठ्ठ्यात सारलं आणि मुलीला उचललं. सासूनं गठ्ठा बांधून बाईंच्या हाती दिला. बाईंनी वरची दोन दुपटी उलटीपालटी करून पाहिली, मान हलवली, आणि गाडी गेली. सुनेला हायसं वाटलं. कितीतरी दिवसांनी तिनं पोटभर श्वास घेतला.

ऊन चढल्यावर मुलगी किरकिर करायला लागली. तोंडात बोटं, हनुवटीवर लाळ. सून दोऱ्याचे तुकडे आवरत होती. तिनं सुई ठेवायच्या डबीचं झाकण उघडलं. डबीत सुई नव्हती.

तिनं मुलीकडं पाहिलं. ही पोर दिसेल ते तोंडात घालते. तिनं मुलीला मांडीवर आडवं घेतलं, बोट घालून तोंड उघडलं, जिभेखाली पाहिलं, गालांच्या आत पाहिलं. मुलगी ओरडायला लागली. तिनं पोटावर हात फिरवला, हळूच दाबून पाहिलं. मुलगी रडता रडता हसली, कारण तिला गुदगुल्या झाल्या. सुनेला मात्र घाम फुटला होता.

मग ती गुडघ्यांवर बसून जमीन चाचपायला लागली. चटई उचलून झटकली. चुलीजवळची राख चाळली, पाण्याच्या माठामागं हात घातला. ओढणी, उशी, मुलीचं झबलं. सासू दारात येऊन उभी राहिली.

"काय शोधतेस?"

"सुई."

"पोरीनं..."

"नाही. तोंडात नाही. मी पाहिलं." आणि ते बोलता बोलताच तिला आठवलं. कडेची दुमड. हॉर्न. आपण म्हटलेलं 'झालं'. तिनं हातातलं झबलं खाली ठेवलं. "आई, सुई दुपट्यात गेली. दुमडीत राहिली. शेवटच्या दुपट्याच्या."

सासूच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती दार लोटून घेत म्हणाली, "गप्प बस. कुणाला सांगू नकोस."

"ती दुपटी प्रसूतिगृहात जातात, आई."

"माहितेय मला कुठं जातात. बाई इस्त्री करतात ना आधी? सापडेल त्यांना. सापडली तर म्हणतील कुणाची, आणि आपण म्हणू आमची नाही. तुझी ती तुटकी सुई कुणी पाहिलीय?"

"आणि नाही सापडली तर?"

"मला विचारू नकोस!" सासू ओरडली. तिचा आवाज फाटला. "सांगायला गेलीस की पहिला प्रश्न येणार, कुणी विणलं. मग? पाणी सुटेपर्यंत काय खायचं? पोरीला काय घालायचं? ते सांग मला."

सुनेनं मुलीला पाजायला घेतलं. मुलीच्या उघड्या पाठीवरून हात फिरवताना तिला ती पाठ फार मऊ लागली. इतकी मऊ पाठ, आणि ती सुई जाड कापडातून सहज आरपार जाते. मुलगी पिता पिता झोपली. सुनेनं तिला उचललं, मागच्या दारानं बाहेर पडली आणि मुलीला टोपलीवाल्या शेजारणीच्या पुढ्यात ठेवलं. "जरा बघा हिला. मी येते." शेजारीण काही विचारेपर्यंत ती कालव्यात उतरली होती.

कालव्यातून गेलं की शहर जवळ पडायचं. पाणी असतं तर जाता आलं नसतं. तळाचा चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या, पाय टाकला की मोडायच्या. दोन्ही बाजूंना उंच भिंती, वरून ऊन, आणि वारा कुठूनच नाही. एका ठिकाणी कुत्री काहीतरी ओढत होती. तिनं दगड उचलला, पण मारायचं धैर्य झालं नाही. कुत्र्यांनीच तिला जाऊ दिलं. चालता चालता ती मनाशी बोलायच्या शब्दांची जुळणी करत होती, आणि प्रत्येक वेळी शेवटच्या शब्दावर अडायची.

मागून हाक आली. तिनं वळून पाहिलं. सासू येत होती. लुगडं आवरून, दुखऱ्या अंगठ्याचा हात दुसऱ्या हातात धरून, धापा टाकत. सून थांबली नाही. उलट तिनं पाय उचलले. आता ही दंडाला धरून मागं नेणार, आणि आपण जाणार, हे तिला ठाऊक होतं. पण कालव्याच्या पायऱ्यांशी सासूनं तिला गाठलंच.

"थांब. थांब म्हणते ना." तिला बोलता येत नव्हतं. ती पायरीवर टेकली. "माझ्याशिवाय बाई तुला दारात उभं करणार नाहीत. काम माझ्या नावावर आहे. बोलायचं मी. तू तोंड उघडायचं नाहीस. एका दुपट्याची गाठ राहिलीय म्हणू, दुपटं मागून घेऊ, सुई काढू, घरी जाऊ. कळलं?"

"हो, आई."

बाईंची खोली बाजाराच्या मागं होती. दोन टेबलं, इस्त्री, रंगीबेरंगी दोऱ्यांची रिळं. बाई पंख्याखाली बसून चहा पीत होत्या. या दोघींना पाहून त्यांनी कप खाली ठेवला.

"सकाळी तर आले होते मी. आता काय?"

"काही नाही हो," सासू हसत म्हणाली. ते हसू पाहून सुनेलाच कसंतरी झालं. "एका दुपट्याची गाठ राहिलीय. उसवेल उगाच. म्हटलं, आपलं नाव खराब नको. तेवढं द्या, इथंच मारते."

"एका गाठीसाठी या उन्हात?" बाई म्हणाल्या. "ती दुपटी नाहीत इथं. प्रसूतिगृहातली संपली होती, त्यांचा माणूस इथंच उभा होता. इस्त्री न करताच नेली त्यानं." मग त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडं पाहिलं. घामानं केस कपाळाला चिकटलेले, ओठ थरथरताहेत. "काय झालंय खरं?"

सासूनं सुनेचा हात दाबला. सुजलेल्या अंगठ्यानंच दाबला, तिला स्वतःला किती दुखलं असेल.

"सुई राहिलीय," सून म्हणाली. "कडेच्या दुमडीत. पिवळ्या कडेच्या. दोऱ्याचं टोक बाहेर लोंबतंय त्याच्या. मी विणली होती. सगळी मीच विणली होती."

बाई उठल्या आणि त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. सुनेला वाटलं आता शिव्या सुरू होतील. पण बाई परत येऊन बसल्या तेव्हा त्यांचा कप बशीवर वाजत होता. या बाईही घाबरतात, हे सुनेला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि त्यानं तिची भीती दुप्पट झाली.

"कुणाला सांगितलंत?"

"कुणाला नाही," सासू म्हणाली.

"मग सांगूही नका. प्रसूतिगृहाला कळलं तर माझं सगळंच काम जाईल. तुमच्या एका घराचं नाही, सगळ्या घरांचं. दुपटी कपाटात ठेवली असतील त्यांनी. उद्या मी काहीतरी निमित्त काढून जाते आणि स्वतः बघते. शांत राहा."

"आज कुणी जन्मलं तर?" सून म्हणाली.

पंखा फिरत होता. बाईंनी कप उचलला आणि न पिताच ठेवला. "हे बघ," त्या सासूकडं वळून म्हणाल्या, सुनेकडं त्यांना बघवत नव्हतं. "उद्या म्हटलं ना मी. आता तिथं गेलात तर पुन्हा माझ्याकडं कापड मागायला यायचं नाही. अंगठा बरा झाला तरी नाही."

म्हणजे अंगठ्याचंही त्यांना दिसलंच होतं. सासूनं तो पदराखाली घेतला. ती खाली बघत बसली. सुनेला वाटलं, संपलं. आता ही उठेल आणि घराचा रस्ता धरेल, आणि एकटीनं तिथं जायचं बळ आपल्यात नाही.

सासू उठली. "प्रसूतिगृह कुठल्या बाजूला?" तिनं विचारलं. बाईंनी सांगितलं नाही. तेव्हा सासू म्हणाली, "चल गं. रस्त्यात विचारू."

प्रसूतिगृहाच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती, डबे, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन. वॉर्डाच्या दाराशी नर्सनं त्यांना अडवलं. "कुणाच्या तुम्ही?"

सासूनं तोंड उघडलं आणि तिला एक शब्द सुचेना. कालव्यातून इथवर आलेली बाई, गल्लीत जिच्या तोंडाला कुणी लागत नाही ती, पदराचं टोक चावत उभी राहिली.

"आम्ही दुपट्यांना लेस लावतो," सून म्हणाली. "सकाळी आलेल्या पिवळ्या कडेच्या एका दुपट्यात सुई राहिलीय. लोखंडाची, टोकदार. माझ्या हातून."

नर्स क्षणभर तिच्याकडं बघत राहिली. मग ती वळली आणि धावत आत गेली. कपाटाचा आवाज आला. "पिवळी इथं नाहीत!" आतून कुणीतरी ओरडलं. "दुपारीच वापरली!"

ते शब्द वॉर्डभर ऐकू गेले. खाटांवरच्या बायका उठून बसल्या. पोटाच्या टाक्यांवर हात धरून, हळूहळू, आणि मग घाईघाईनं. "काय झालं? कसली सुई?" एकीनं बाळ गुंडाळलेलं दुपटं भराभर सोडलं. दुसरीला ते सोडता येईना, ती रडायला लागली. सून खाटेखाटेशी वाकत होती. पांढरी कड. हिरवी. निळी. पिवळी, पण टोक लोंबत नाही. तिनं तरी दुमड चारी बाजूंनी बोटांनी दाबत पाहिली. काही नाही. त्या बाळानं झोपेत जांभई दिली. बाळाची आई म्हणाली, "तुम्ही हात लावू नका, मी बघते."

खिडकीशेजारच्या खाटेवर एक बाळ रडत होतं. नुकतं सुरू झालेलं रडणं नव्हतं ते. थकून घोगरं झालेलं, मधेच तुटणारं. त्याची आई अगदी कोवळी, केस विस्कटलेले, त्याला छातीशी धरून झुलवत होती. शेजारी तिची सासू उभी होती.

"दुपारपासून हेच चाललंय," ती सासू कुणाला तरी सांगत होती. "हिला धरताच येत नाही पोराला. घट्ट गुंडाळ म्हटलं तर नीट गुंडाळत नाही. आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?" आणि तिनं दुपट्याचा पदर ओढून आणखी आवळला. बाळ किंचाळलं.

कड पिवळी होती. खाली दोऱ्याचं टोक लोंबत होतं.

"सोडा!" सून ओरडली. "सोडा त्याला!"

नर्स तिच्याआधी पोचली. तिनं बाळ खाटेवर ठेवलं, दुपट्याचा पदर उलगडला, घाई न करता एकेक घडी बाजूला केली. सुई दुमडीतून अर्धी बाहेर आली होती. बाळाच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, लाल ठिपके होते, जवळजवळ, आणि एक लांब ओरखडा. जितक्या वेळा आवळलं होतं तितक्या वेळा टोचली होती. दुपट्याला रक्ताचे ठिपके लागले होते, पिवळ्या कंगोऱ्यांना लागून. नर्सनं दुपटं सुईसकट बाजूला केलं आणि डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टर आले. त्यांनी पाठ धुतली, दाबून पाहिली, बाळाचे पाय हलवून पाहिले. सून भिंतीला टेकून उभी होती. तिला डॉक्टरांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती. "आत गेलेली नाही," ते शेवटी म्हणाले. "जखम वरवरची आहे. इंजेक्शन देतो, दोन दिवस लक्ष ठेवू." सासूनं सुनेचा दंड धरला होता तो सोडला. दंडावर बोटांचे वळ उठले होते.

आणि मग त्या कोवळ्या आईच्या सासूला वाचा फुटली. ती सुनेच्या अंगावर धावून आली. "डोळे फुटले होते का तुझे? लेकराच्या कपड्यात सुया ठेवता? तुला पोरंबाळं आहेत की नाही? पोलिसांत देते बघ तुला!" सुनेनं मान खाली घातली. तिला सगळं कबूल होतं. सासू मधे येऊन हात जोडत होती, "चूक झाली हो, चूक झाली," आणि ती बाई तिलाही ढकलत होती.

"तिला बोलू नका," खाटेवरून आवाज आला.

बाळाला उघड्या अंगानं छातीशी धरून ती कोवळी आई बसली होती. बाळाचं रडणं थांबलं होतं, नुसते हुंदके चालले होते. तिचा स्वतःचा चेहरा रडून सुजला होता.

"तू गप्प बस, तुला काय कळतं!" तिची सासू म्हणाली.

"मी दुपारपासून सांगतेय, याला काहीतरी दुखतंय. तुम्ही म्हणालात, तुला धरता येत नाही." ती मोठ्यानं बोलत नव्हती, पण वॉर्डातली कुणीही बाई आता हलत नव्हती. "ती एवढ्या लांबून आली. तुम्ही तर इथंच होतात."

बाळानं आईचा पदर मुठीत धरला आणि चाचपत प्यायला लागलं.